फोन लाँच होतो, ड्रायव्हर लाँच होत नाही

स्टीव्ह जॉब्ज यांनी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन जगाला दाखवला, तेव्हा त्यांच्या हातातला फोन धड चालत नव्हता. गाण्याचा तुकडा वाजायचा, पण अख्खं गाणं लावलं की फोन मान टाकेल याची धास्ती. आधी मेल पाठवून मग इंटरनेट उघडलं तर ठीक, उलट क्रमाने गेलं की अडकायचा. म्हणून इंजिनिअर मंडळींनी काय कोणत्या क्रमाने दाखवायचं ते आखून दिलं आणि नेटवर्क कसंही असो, स्क्रीनवर पाचही दांड्या दिसत राहतील अशी सोय करून ठेवली. पुढे त्या टीममधल्या लोकांनीच हे सांगितलं. विक्री सुरू झाली २९ जूनला. मधल्या साडेपाच महिन्यांत बहुतेक भानगडी निस्तरल्या गेल्या, फोन दुकानात आला, आणि कार्यक्रमात थोडी लबाडी झाली होती याचं कुणाला काही वाटलं नाही.

तिथून लाँचिंगचा एक साचाच पडला. अंधारं सभागृह, भलामोठा पडदा, टाळ्या, आणि शेवटी 'लवकरच उपलब्ध'. गाडीवाल्यांनी तो जसाच्या तसा उचलला. ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाने जाहीर केलं की यापुढे कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत पूर्णपणे स्वतः चालण्यासाठी लागणारं सगळं हार्डवेअर असेल. २०१७ संपायच्या आत लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत गाडी कुणाचा हात न लागता जाईल, असं कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क म्हणाले. ती गेली नाही. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त रोबोटॅक्सी, म्हणजे बिनचालकाच्या टॅक्सी, रस्त्यावर असतील. टेस्लाची भाडं घेऊन प्रवासी नेणारी रोबोटॅक्सी सेवा ऑस्टिन शहरात सुरू झाली ती जून २०२५ मध्ये. तीही मोजक्या गाड्यांनिशी, आणि चालकाशेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून.

मस्क यांना नावं ठेवणं सोपं आहे आणि ती भरपूर ठेवून झाली आहेत. त्याहून उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे. फोनचा अर्धाकच्चा डेमो सहा महिन्यांत वस्तू होतो, मग गाडीचा डेमो दहा-दहा वर्षं डेमोच का राहतो? या क्षेत्रात पैसा कमी पडलेला नाही, हुशार माणसंही नाहीत असं नाही. अडचण कामातच आहे. ती एकदा कळली की लाँचिंगमधलं काय कान देऊन ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवणं जड जात नाही.

गाडीला दिसतं कसं

स्वतः चालणाऱ्या गाडीला तीन कामं जमावी लागतात. आजूबाजूला काय आहे ते ओळखायचं, ते पुढच्या काही सेकंदांत काय करेल याचा अंदाज बांधायचा, आणि त्याप्रमाणे स्टिअरिंग, ब्रेक व ॲक्सिलरेटर सांभाळायचे. यातलं शेवटचं काम सगळ्यात सोपं. यंत्राला सांगितलेल्या रेषेवरून गाडी नेणं माणसापेक्षा चांगलं जमतं.

ओळखण्यासाठी गाड्यांवर प्रामुख्याने तीन प्रकारचे सेन्सर असतात. कॅमेरा रंग, अक्षरं, सिग्नलचा दिवा, रस्त्यावरचे पट्टे वाचतो, पण वस्तू किती लांब आहे हे त्याला थेट मोजता येत नाही, अंदाज करावा लागतो. रडार रेडिओलहरी सोडतं. धुक्यात, पावसात, अंधारात ते काम करतं आणि समोरची वस्तू किती वेगाने जवळ येते आहे हे चटकन सांगतं, पण ती वस्तू नेमकी कशी दिसते हे त्याला धूसरच कळतं.

तिसरा लायडार. हा लेझरचे अगदी छोटे झोत सोडतो आणि ते आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे ६० मीटरवरच्या माणसाला लागून परत यायला त्याला सुमारे ४०० नॅनोसेकंद लागतात. पापणी लवते तेवढ्या वेळात असे लाखो हिशेब होतात आणि त्यांतून भोवतालाचा ठिपक्याठिपक्यांचा त्रिमितीय नकाशा उभा राहतो. अंतराच्या बाबतीत इथे अंदाजाला जागाच नाही. गंमत म्हणजे हेच तंत्र ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ प्रोच्या पाठीवर आलं. फरक पल्ल्याचा आहे. फोनचा लायडार खोलीभर, म्हणजे सुमारे पाच मीटर बघतो. गाडीवरच्याला शेकडो मीटरवरचं दिसावं लागतं, तेही भर उन्हात आणि खड्ड्यांचे हादरे खात.

लायडार हवा की नको, यावरून या क्षेत्रात दोन तट आहेत. गूगलच्या २००९ मधल्या प्रकल्पातून उभी राहिलेली वेमो कंपनी एकेका गाडीवर कॅमेरे, रडार आणि लायडार तिन्ही लावते, शिवाय ज्या शहरात गाड्या चालवायच्या त्याचा बारीक नकाशा आधी तयार करते. टेस्लाचं म्हणणं असं की माणूस दोन डोळ्यांवर गाडी चालवतो, मग कॅमेरे पुरेत. २०२१ पासून त्यांनी रडारही काढायला सुरुवात केली. या युक्तिवादात दम नाही असं नाही. कॅमेरे स्वस्त असतात आणि लाखो गाड्यांवर लावता येतात, त्यामुळे शिकण्यासाठी प्रचंड माहिती गोळा होते. पण माणसाच्या डोळ्यांमागे जे आहे ते अजून कुणाला चिपवर उतरवता आलेलं नाही, ही गोष्ट त्या वाक्यात झाकली जाते. मे २०१६ मध्ये फ्लोरिडात टेस्लाची एक गाडी ऑटोपायलट ही चालकाला मदत करणारी प्रणाली चालू असताना रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक जागीच गेला. उजळ आकाशासमोर ट्रेलरची पांढरी बाजू प्रणालीला वेगळी कळलीच नाही. त्या गाडीवर तेव्हा रडार होतं, हेही सांगायला हवं. नुसता सेन्सर वाढवला की काम झालं, असं होत नाही.

साडेपाच सेकंद

कारण खरी कसोटी दुसऱ्या कामाची आहे. समोर काय आहे हे कळल्यावर ते काय करेल, हे ताडायचं. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. स्वतः चालणाऱ्या गाडीमुळे पादचारी दगावल्याची ही पहिली घटना. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा तिच्यावरचा अहवाल हा विषय समजून घ्यायचा असेल त्याने जरूर वाचावा.

धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीला ती महिला दिसली होती. म्हणजे डोळे ठीक होते. पण 'हे काय आहे' याचं उत्तर बदलत राहिलं. कधी वाहन, कधी काहीतरी अज्ञात वस्तू, कधी सायकल. दर वेळी नाव बदललं की त्या वस्तूच्या आधीच्या हालचालीची नोंद बाजूला पडायची आणि तिच्या वाटेचा अंदाज नव्याने सुरू व्हायचा. त्यामुळे ती सावकाश, सरळ रेषेत गाडीच्या वाटेत येते आहे हे संगणकाच्या लक्षातच आलं नाही. शिवाय झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यता सॉफ्टवेअरमध्ये धरलेलीच नव्हती! धडक अटळ आहे हे गाडीला कळलं तेव्हा १.२ सेकंद उरले होते. उगाच दचकून ब्रेक लागू नयेत म्हणून त्यात एक सेकंद थांबण्याची तजवीज केलेली होती, तो सेकंदही तसाच गेला. मूळ व्होल्वो गाडीची आपत्कालीन ब्रेकची सोय चाचणीसाठी बंद ठेवलेली होती. आणि लक्ष ठेवण्यासाठी बसवलेली चालक त्या वेळी फोनवर कार्यक्रम बघत होती.

रात्री, दिवा असलेल्या रस्त्यावर, गाडी चालवणाऱ्या माणसाला ही सायकल आहे की माणूस आहे हे ठरवावं लागत नाही. काहीतरी मधे येतंय एवढ्यावर त्याचा पाय ब्रेकवर जातो.

शेपूट

मराठीत आपण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतो. इथे हत्ती फार झपाट्याने गेला, आणि त्यानेच सगळ्यांची फसगत झाली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मार्च २००४ मध्ये मोहावी वाळवंटात बिनचालकाच्या गाड्यांची शर्यत लावली. सव्वादोनशे किलोमीटरच्या वाटेवर सगळ्यात पुढे गेलेली गाडी जेमतेम १२ किलोमीटर जाऊन अडकली. ऑक्टोबर २००५ मध्ये पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पाच गाड्यांनी २१२ किलोमीटर पूर्ण केले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'स्टॅनली' पहिली आली. दीड वर्षात १२ चे २१२. असा आलेख पाहून कोणाला वाटणार नाही की अजून चार-पाच वर्षांत काम फत्ते?

त्याला २० वर्षं होऊन गेली. या काळात जे केलं गेलं ते बहुतांशी शेपटाचं काम आहे. रस्त्यावर सहसा न घडणाऱ्या, पण कधीतरी घडणाऱ्याच गोष्टी. उलटा पडलेला टेंपो. सिग्नल बंद असल्याने हाताने वाहतूक सोडणारा पोलीस. दुसऱ्या ट्रकवर लादलेले सिग्नलचे दिवे. २०२३ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत बिनचालकाच्या गाड्यांना विरोध करणाऱ्या काही जणांनी रस्त्यावरचा नारिंगी शंकू उचलून गाडीच्या बॉनेटवर ठेवायला सुरुवात केली. अब्जावधी डॉलर ओतून तयार केलेली गाडी जागच्या जागी उभी! शंकू म्हणजे रस्ता बंद हे तिला पक्कं शिकवलेलं, पण शंकू बॉनेटवर बसलेला कुणी शिकवला नव्हता. माणूस खाली उतरून तो बाजूला ठेवतो आणि दोन शिव्या हासडून पुढे जातो.

इथे फोनशी तुलना करून बघा. फोनचा चेहरा ओळखणारा कॅमेरा हजारात एकदा चुकला तर आपण पासवर्ड टाकतो, आठवणीतही राहत नाही. गाडी हजार किलोमीटरमध्ये एकदा चुकत असेल, तर रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्याला दर २५ दिवसांनी एक प्रसंग झेलावा लागेल. म्हणजे ९९.९ टक्के बिनचूक प्रणाली फोनमध्ये कौतुकाची आणि गाडीत निरुपयोगी. माणूस चालक म्हणून कितीही बेशिस्त असला तरी अमेरिकेत मृत्यूचं प्रमाण दर १० कोटी मैलांना, म्हणजे १६ कोटी किलोमीटरना, साधारण एक आहे. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण माणूस हा फार अवघड प्रतिस्पर्धी आहे.

मग यंत्र त्याच्यापेक्षा बरं हे सिद्ध कसं करायचं? रँड या संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला. माणसाइतकं सुरक्षित आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर गाडी चालून दाखवावी लागेल. शंभर गाड्या वर्षभर, चोवीस तास, सरासरी ताशी ४० किलोमीटरने धावल्या तरी त्याला साडेबारा वर्षं लागतात. आणि मधेच सॉफ्टवेअर बदललं तर मोजणी कुठून सुरू करायची हा वाद वेगळाच. वेमोने २०२५ च्या मध्यापर्यंत चालकाशिवाय १० कोटी मैल पार केल्याचं जाहीर केलं. तिच्या प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांमध्ये, त्याच शहरांतल्या माणसांच्या तुलनेत दुखापतीचे अपघात बरेच कमी दिसतात. ही साधी गोष्ट नव्हे. मात्र मृत्यूंबद्दल छातीठोकपणे काही म्हणायला, वरच्या हिशेबाने, एवढं अंतरही पुरत नाही.

लक्ष कोणी ठेवायचं?

लाँचिंगमध्ये 'लेव्हल २', 'लेव्हल ३' असे शब्द भिरकावले जातात. हे स्तर एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये ठरवले. शून्यापासून पाचपर्यंत सहा आहेत, पण ग्राहकाला त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालते: गाडी चालू असताना रस्त्यावर लक्ष ठेवायचं काम कोणाचं?

लेव्हल २ पर्यंत ते तुमचं. गाडी स्टिअरिंग फिरवेल, वेग सांभाळेल, लेन बदलेल, पण तुम्ही क्षणोक्षणी तयार असलं पाहिजे. लेव्हल ३ मध्ये ठरावीक परिस्थितीत लक्ष ठेवायचं काम गाडीचं, तुम्ही फक्त ती बोलावेल तेव्हा ताबा घ्यायचा. लेव्हल ४ मध्ये, ठरवून दिलेल्या भागात, बोलावणंही नाही. अडचण आली तर गाडी स्वतःच सुरक्षित थांबते. वेमोच्या टॅक्सी या प्रकारातल्या. त्यांच्या मदतीला नियंत्रण कक्षात माणसं असतात, पण ती दुरून स्टिअरिंग फिरवत बसत नाहीत, गाडीने अडून प्रश्न विचारला तर उत्तर देतात. लेव्हल ५ म्हणजे कुठेही, कधीही. ते अजून कोणाकडे नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरामधली फट वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे. लेव्हल ३ च्या आंतरराष्ट्रीय नियमात चालकाला ताबा घ्यायला किमान १० सेकंद द्यावे लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी १० सेकंदांत पावणेतीनशे मीटर जाते. म्हणजे पावणेतीनशे मीटर पुढे काय घडणार आहे ते गाडीला आधीच कळायला हवं. म्हणूनच मर्सिडीजची 'ड्राइव्ह पायलट' ही प्रणाली २०२२ मध्ये जर्मनीत विक्रीला आली ती फक्त काही महामार्गांवर आणि ताशी ६० किलोमीटरच्या आत चालेल या बेताने. २०२५ मध्ये ही मर्यादा ९५ वर गेली. पडद्यावर दाखवायला हे फारच मिळमिळीत. पण प्रणाली चालू असताना तिच्या दोषामुळे काही झालं तर जबाबदारी आमची, असं ही कंपनी म्हणते. माझ्या मते आजवरच्या सगळ्या झगमगाटी लाँचिंगांपेक्षा या एका वाक्याला जास्त वजन आहे.

लेव्हल २ ची खरी गोम माणसात आहे. प्रणाली वाईट असेल तर माणूस सावध राहतो. ती बरीच चांगली झाली की त्याचं लक्ष उडतं, हात सैल पडतो, डोळे फोनकडे जातात, आणि नेमकं तेव्हाच शेपूट पुढ्यात येतं. शाओमीने मार्च २०२१ मध्ये गाडी करणार म्हणून जाहीर केलं आणि मार्च २०२४ मध्ये एसयू७ बाजारात आणली. ॲपलने दहा वर्षं खपून फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच्या गाडीचा नाद सोडला, हे लक्षात घेता फोन कंपनीसाठी हा पराक्रमच. पण २९ मार्च २०२५ च्या रात्री चीनच्या आनहुई प्रांतात दुरुस्तीमुळे लेन बंद असलेल्या महामार्गावर ही गाडी सहायक प्रणालीवर ताशी ११६ किलोमीटरने चालली होती. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार पुढे अडथळा असल्याचा इशारा, चालकाने घेतलेला ताबा आणि कठड्याला धडक हे सगळं काही सेकंदांत उरकलं. धडकेच्या आधीचा वेग ताशी ९७ होता. तिघींचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात चीन सरकारने गाडी कंपन्यांना बोलावून जाहिरातींत अशा प्रणालींबद्दल अतिशयोक्ती करू नका म्हणून बजावलं.

'अपडेटमध्ये येईल'

फोनच्या जगात 'आत्ता घ्या, बाकीचं अपडेटमध्ये येईल' याला आपण सरावलो आहोत. तिथेही ते नेहमी खरं होत नाही. जून २०२४ मध्ये ॲपलने जी हुशार सिरी (फोनमधली बोलून वापरायची मदतनीस) दाखवली आणि आयफोन १६ च्या जाहिरातीत मिरवली, ती मार्च २०२५ मध्ये लांबणीवर पडली आणि जाहिरात गुपचूप उतरवली गेली. लोक चिडले, विनोद झाले, संपलं. फोनमध्ये धोका जिवावर आला तेव्हा, म्हणजे २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा, अपडेटने भागलं नाही. ऑगस्टमध्ये आलेला फोन ऑक्टोबरमध्ये कायमचा बंद करावा लागला.

गाडीत अपडेटचा खरा फायदाही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने ऑटोपायलट वापरताना चालकाच्या लक्षावर नीट देखरेख होत नाही म्हणून अमेरिकेत सुमारे २० लाख गाड्या 'परत बोलावल्या', आणि एकही गाडी गॅरेजमध्ये न नेता हवेतूनच दुरुस्ती पोचवली. हे कौतुकास्पद आहे. पण कॅमेऱ्याची जागा चुकली असेल, सेन्सरच बसवलेला नसेल, तर अपडेट ते उगवून देणार नाही. '२०१६ च्या गाडीत सगळं हार्डवेअर आहे' हा दावा त्यामुळेच महागात पडला. टेस्लाला पुढे संगणक बदलावे लागले, आणि 'फुल सेल्फ ड्रायव्हिंग' या आपल्या प्रणालीच्या नावापुढे २०२४ मध्ये 'देखरेखीखाली' असं जोडावं लागलं.

पुढचं लाँचिंग बघताना मी तरी सेन्सर किती, चिप किती ट्रिलियन गणितं करते याकडे फारसं बघत नाही. कुठल्या रस्त्यांवर, किती वेगापर्यंत, पावसात आणि रात्री चालते का, हे आधी शोधतो. मग चालकाशिवाय आत्तापर्यंत किती अंतर झालं आहे ते. आणि काही बिनसलं तेव्हा कंपनी कशी वागली ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीच्या धक्क्याने एक महिला जनरल मोटर्सच्या क्रूझ या कंपनीच्या बिनचालकाच्या गाडीपुढे फेकली गेली. गाडीने ब्रेक मारला, पण धक्का बाजूने बसला असं समजून ती कडेला जायला निघाली आणि महिलेला सुमारे सहा मीटर फरपटत नेलं. तंत्राची चूक गंभीर होतीच, पण फरपटण्याची माहिती अधिकाऱ्यांपासून दडवल्याचा ठपका कंपनीला जास्त भोवला. परवाना गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा खर्चच थांबवला.

कायदा आता स्टेजवरच्या शब्दांपर्यंत पोचू लागला आहे. ब्रिटनने मे २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांचा कायदा मंजूर केला. मान्यता मिळालेली प्रणाली गाडी चालवत असेल तेव्हा गाडी चालवण्यातल्या चुकीसाठी आत बसलेल्या माणसावर खटला भरता येणार नाही, जबाबदारी मान्यता घेणाऱ्या कंपनीवर येईल. आणि मान्यता नसलेली गाडी स्वतः चालते असा लोकांचा गैरसमज होईल अशी जाहिरात करणं गुन्हा ठरेल. हे सगळं २०२७ च्या उत्तरार्धात अमलात आणण्याचं तिथल्या सरकारचं नियोजन आहे. तसं झालं, तर पडद्यावर काय लिहायचं हे ठरवताना मार्केटिंगवाल्यांना आधी वकिलांना विचारावं लागेल.